दोनच किल्ल्या

माझं वाक्य पहिल्यांदा चोरलं ते डॉक्टर उज्ज्वल काळोखेंनी, आणि तेही चर्चमध्ये, पाळकसाहेबांच्या डोळ्यांदेखत.

सगुणामावशीची स्मरण-उपासना होती. मावशी जाऊन पंधरवडा झाला होता. वय एक्याण्णव; त्यामुळे रडणारे थोडे आणि बोलणारे फार होते. आमच्या मंडळीत अशा वेळी गाणी, प्रार्थना झाल्या की साक्षी देतात. म्हणजे गेलेल्या माणसाविषयी ज्याला मनापासून काही सांगायचं असतं तो उठून सांगतो. ज्याला मनापासून काही सांगायचं नसतं तो जास्त वेळ सांगतो. म्हणून पाळकसाहेबांनी चारच नावं आधी ठरवली होती आणि माझं शेवटी ठेवलं होतं.

"तुम्ही लेखक माणूस," ते म्हणाले होते, "तुमच्यानंतर कोणाला उभं केलं तर त्याचं पडेल."

मी हे नम्रपणे मान्य केलं. खरी गोष्ट मान्य करायला मला कधी जड जात नाही.

माझ्या जाकिटाच्या खिशात दोन वस्तू होत्या. एक भाषणाचा कागद आणि दुसरी किल्ली. पितळेची, बोटभर लांब, डोक्याला गोल भोक असलेली. बेत असा होता की भाषण संपता संपता किल्ली वर धरायची, मावशीचं ते वाक्य सांगायचं आणि काही न बोलता खाली बसायचं. आयुष्यभर लोकांना हसवून पोट भरलेल्या माणसाला एकदा तरी त्यांना रडवून पाहावंसं वाटतं. ते वाक्य मी चौतीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही, आणि तिला मी काय काय सांगितलंय ते तीच जाणे.

डॉक्टर काळोखे उठले. आमच्या मिशन दवाखान्याचे मोठे सर्जन. माणूस हुशार, हात हलका, बोलणं मात्र भूल दिल्यासारखं. त्यांनी सुरुवात केली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.

"मी नुकताच सर्जन झालो होतो," ते म्हणत होते. "पुण्याहून मोठ्या हॉस्पिटलचं बोलावणं आलं होतं. सामान बांधून मावशींचा निरोप घ्यायला गेलो. त्या पीठ मळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, 'उज्ज्वल, तुला म्हणून सांगते. आणखी कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तू इथं आहेस म्हणून मला झोप लागते.'"

मी डोळे उघडले.

ते माझं वाक्य होतं. शब्दन् शब्द माझं. पीठसुद्धा माझंच. फक्त 'सुमंत'च्या जागी 'उज्ज्वल' घातलं होतं.

"आणि मग त्यांनी हात धुतले," डॉक्टरांचा आवाज चिरकला, "आणि मला ही दिली."

त्यांनी किल्ली वर धरली. पितळेची, बोटभर लांब, डोक्याला गोल भोक असलेली.

"म्हणाल्या, 'कोठीला दोनच किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे, ही दुसरी तुझ्याकडे. मी असेपर्यंत लावायची नाही. मी नसेन तेव्हा उघड.' मी पुण्याला गेलो नाही."

चर्चमध्ये रुमाल निघाले. पुढच्या बाकावर बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. जे सगळं मला मिळायचं होतं ते डॉक्टर घेऊन खाली बसले.

सगुणामावशी कोण, हे इथं सांगायला हवं. सगुणाबाई वाघचौरे. माझी सख्खी मावशी नव्हे. माझी आई आणि ती मिशन दवाखान्यात बरोबरीने नर्स होत्या. आई मी कॉलेजात असताना गेली, तेव्हापासून जेवायला मी मावशीकडे. सतराव्या वर्षी ती खेड्यातून नर्सिंग शिकायला आली आणि पुढे तिने अर्ध्या तालुक्याला जन्माला घातलं. नवरा दवाखान्याची गाडी चालवायचा, तो लवकर गेला. दोन मुलगे शिकून पुण्याला गेले. मुलगी एस्तेर, आम्हा सगळ्यांची एस्तू, तिच्याजवळ राहिली.

मावशीची प्रार्थना ऐकायला पहाटे उठण्यात अर्थ होता. ती देवाशी वॉर्डबॉयशी बोलावं तसं बोलायची. "प्रभू, परवा सांगितलेलं काम अजून झालेलं नाही. खाट नंबर नऊची बाई अजून कण्हते आहे. आज बघ जरा." देवही बहुधा घाबरून बघायचा, कारण नऊ नंबरची बाई दुपारी उठून बसलेली असायची.

दवाखान्यात पेशंटला जेवण मिळे. पण त्याच्याबरोबर गावाकडून आलेली माणसं फाटकाबाहेर उपाशी बसायची. मावशीला ते बघवेना. तिने आपल्या घरच्या चुलीवर चार भाकरी जास्त थापायला सुरुवात केली. चाराच्या चाळीस झाल्या, घरामागे पत्र्याचं स्वयंपाकघर झालं, त्याला लागून धान्याची कोठी झाली. त्या सगळ्याला लोक 'शिदोरी' म्हणू लागले. रोज संध्याकाळी भाकरी, वरण, असलीच तर भाजी. कोणाला जात विचारायची नाही, पेशंट मेला तर जेवण बंद करायचं नाही. मावशीचे नियम हे दोनच.

आणि मी? मला चोविसाव्या वर्षी मुंबईच्या एका साप्ताहिकात उपसंपादकाची जागा मिळाली होती. ट्रंक घेऊन मावशीच्या दाराशी गेलो.

"मावशी, येतो."

"ट्रंक ओट्यावर नको ठेवूस, पीठ लागेल." ती परातीत वाकलेली. "गाडी कितीची?"

"अजून वेळ आहे."

"मग गिरणीवर जाऊन ये तेवढ्यात. डबा दाराशी आहे."

मी गिरणीवर जाऊन आलो. तोपर्यंत तिने ते वाक्य तयार ठेवलं होतं. हात धुतले, पदराला पुसले, आत गेली आणि किल्ली घेऊन बाहेर आली. चोवीस वर्षांच्या, आई नसलेल्या पोराला कोणी म्हणालं की तू आहेस म्हणून मला झोप लागते, तर त्याने काय करावं? मी ट्रंक उचलली आणि घरी परत नेली. मुंबईची ती जागा ज्याला मिळाली तो पुढे संपादक झाला आणि दर दिवाळीला मला पत्र पाठवायचा, 'अंकासाठी काहीतरी खुसखुशीत द्या.' मी देत राहिलो. इथल्याच एका दैनिकात विनोदी सदर लिहिलं, शनिवारी शिदोरीचं दळण आणलं, धान्य मागणारी पत्रं लिहिली. कधी उदास वाटलं की कपाट उघडून किल्ली बघायची. गावात दोघांनाच माहीत असलेली गोष्ट माझ्याकडे आहे, हे पुरे असायचं.

असो. डॉक्टर बसले आणि हमीद उठला. हमीद बेकरीवाला. शिदोरीला रोज सकाळच्या चहाचे पाव त्याच्या भट्टीतून जायचे, आणि पैशांचा विषय काढला की तो रागवायचा. चर्चमध्ये यायला तो आधी बिचकत होता. पाळकसाहेबांनी स्वतः जाऊन आणला होता.

"मला काय भाषण येत नाही," हमीद म्हणाला. "माझा भाऊ मस्कतला गेला. माझाबी व्हिसा आला होता. अम्मीचे पाय धरले, मावशीचे धरायला गेलो. मावशी पीठ मळत होती..."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते हमीदकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा, पोट उघडल्यावर अपेक्षेपेक्षा वेगळंच काही सापडल्यासारखा झाला होता.

"...म्हणाली, 'हमीद, तुला म्हणून सांगते बेटा. आणखी कोणाला...'" हमीदचा आवाज मध्येच बारीक झाला. डॉक्टरांचं भाषण चालू असताना तो बाहेर चप्पल ठेवायला जागा शोधत होता, त्यामुळे त्याला काही माहीत नव्हतं. पण समोरच्या माणसांच्या चेहऱ्यांवर काहीतरी हललं ते त्याला दिसलं. तरी त्याने इमानदारीने वाक्य पुरं केलं आणि सदऱ्याच्या आतून काळ्या दोऱ्यात ओवलेली किल्ली काढली.

कोणीतरी खुदकन हसलं.

मग गयाबाई उभी राहिली. शिदोरीचा सगळा स्वयंपाक तिच्या हातचा. ती एवढंच म्हणाली, "मी न्हाई बोलत. मला बी तेच म्हनली व्हती." आणि बसली. तिने गळ्यातून किल्ली काढून दाखवली नाही. पण हात आपोआप गळ्याशी गेला आणि पदराखाली मूठ वळलेली सगळ्यांना दिसली.

आता चर्चमध्ये लोक उघडपणे हसू लागले होते. वाईट हसणं नव्हतं ते. कौतुकाचं होतं. "काय बाई होती!" असं मागे कोणीतरी म्हणालं. पाळकसाहेबांनी माझं नाव पुकारलं.

मी उठलो. खिशातल्या कागदावर मी आयुष्यात लिहिलेलं सर्वांत चांगलं गद्य होतं, आणि त्याचा शेवटचा परिच्छेद वगळला तर ते एका नर्सचं चरित्र होतं, बाकी काही नाही. मी किल्ली काढली आणि प्रभुभोजनाच्या मेजाच्या कडेला ठेवली.

"माझ्याकडेही आहे," मी म्हणालो आणि खाली बसलो.

मला आजवर मिळालेला सर्वांत मोठा हशा तो. लोक डोळ्यांतून पाणी येईतो हसले. म्हणजे मी त्यांना रडवलं असंही म्हणता येईल, पण मी तसं म्हणत नाही. न हसणारे आम्ही चौघं होतो. आणि हो, पाळकसाहेब. त्यांनी समारोपाच्या प्रार्थनेआधी झग्याच्या खिशात हात घातला, तिथं काहीतरी चाचपलं आणि तो हात प्रार्थना संपेपर्यंत बाहेर काढला नाही.

उपासनेनंतर बाहेर चहा होता. आम्ही चौघं चहाला थांबलो नाही. कोणी काही ठरवलं नव्हतं. पण चौघांचे पाय मावशीच्या घरामागे वळले. कोठीच्या दाराशी पोचलो तेव्हा डॉक्टर धापा टाकत होते.

दाराला जुनं, जाड, गंजलेलं कुलूप होतं. मावशी वारल्यापासून शिदोरी बंदच होती.

"आधी मी," डॉक्टर म्हणाले. "मी सिनियर आहे."

"कशात सिनियर?" मी विचारलं. "मला डॉक्टर, तुमच्या आधी मिळालीय. चार वर्षं आधी."

"तेच म्हणतो ना. तुमची आधीची, म्हणजे जुन्या कुलपाची असणार. नंतर कुलूप बदललं असेल. माझी चालेल."

"लावा ना लवकर," हमीद म्हणाला. "दवाखान्याची लाइन आहे का ही?"

डॉक्टरांची किल्ली आत गेली, पण फिरली नाही. माझी आतच गेली नाही. हमीदची गेली, अर्धी फिरली आणि अडकली. ती सोडवताना डॉक्टरांनी त्याला शस्त्रक्रियेतला कसलासा सल्ला दिला आणि हमीदने त्यांना भट्टीतला एक शब्द ऐकवला. गयाबाई मागे उभी होती.

"लाव गं," मी म्हणालो.

"मी न्हाई लावायची. न्हाई लागली तर?"

एवढ्यात एस्तू आली. हातात चहाच्या कपांचा ट्रे. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसली होती आणि तिला कोणी साक्ष द्यायला सांगितलं नव्हतं. मुलीने काय साक्ष द्यायची, असं पाळकसाहेबांना वाटलं असावं. खरं सांगायचं तर तिचं नाव मलाही सुचलं नव्हतं. आमच्याहून ती धाकटी, पन्नाशीच्या आसपासची. पण ती धाकटी आहे हे कोणाच्या लक्षात राहत नसे.

"तिथं काय करताय? चहा गार होतोय."

"कोठी उघडतोय," डॉक्टर म्हणाले. "किल्ली लागत नाही."

एस्तूने ट्रे पायरीवर ठेवला. पुढे झाली. कुलूप मुठीत धरून खाली ओढलं. ते उघडं होतं. कोयंड्यात नुसतं अडकवलेलं.

"याची किल्ली कोठी बांधली त्याच साली हरवली," ती म्हणाली. "तेव्हापासून असंच अडकवतो. आत काय आहे चोरायला? ज्वारी."

आत ज्वारी होती. तुरीची डाळ होती, तिखटाचा डबा होता आणि एका कोपऱ्यात घुशीने पाडलेलं भोक होतं. चौघांनी डोकावून पाहिलं.

"मग या कसल्या?" हमीदने किल्ली तिच्यापुढे धरली.

"या होय!" एस्तू म्हणाली. "दवाखान्याची जुनी लाकडी कपाटं मोडीत निघाली ना, त्यांच्या. जुडगाच्या जुडगा आईने ठेवून घेतला होता. देवघरात... म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या खोलीत, तसबिरीच्या मागे. थांबा."

ती आत गेली आणि लोखंडी कडी घेऊन आली. कडीत अजून बऱ्याच किल्ल्या होत्या. सगळ्या पितळेच्या, बोटभर लांब.

"दाराशी कोणाची बॅग दिसली, की आई जुडगा काढायची," एस्तू म्हणाली. "कितीदा तरी एखादी तेल लावून मीच घासून दिलीय."

गयाबाई खाली बसली, कोठीच्या उंबऱ्यावरच.

"म्हणजे हे सगळं ठरवून होतं," डॉक्टर म्हणाले. "पद्धतशीर."

"तुमचं काय गेलं, डॉक्टरसाहेब?" हमीद उसळला. "तुम्ही इथं बंगला बांधला, पोरं शिकवली. माझ्या भावाने मस्कतला दुकान टाकलं. मी इथं पाव भाजतोय. घरात बायको रोज ऐकवते, की तुझ्या अकलेला भट्टीत टाक. मी मनात म्हणायचो, हिला काय माहीत, मी कोण आहे."

"मी कोण आहे," डॉक्टर हळूच म्हणाले, "हो. अगदी तेच."

"तुम्ही तरी लेखकसाहेब," हमीद माझ्याकडे वळला, "तुम्ही लोकांची लबाडी पेपरात छापता. तुम्हाला पण नाही कळलं?"

"मी मंत्र्यांची छापतो," मी म्हणालो. "मावशीची कधी तपासली नव्हती."

गयाबाईने आता गळ्यातला दोरा काढला. किल्ली तळहातावर घेतली. इतकी वर्षं घामाने आणि चुलीच्या धगीने ती काळी पडली होती.

"मालक गेलं, तवा डोरलं काढलं," ती म्हणाली. "म्हैन्याभरानं राहुरीचं स्थळ आलं. बिजवर, पन ऊस व्हता, घर व्हतं. मी कापडं बांधली व्हती. मावशीनं ही दिली. डोरल्याच्या जागी घातली मी. कुनी पुसलं का ही कसली, तर म्हनायचे, जबाबदारीची." तिने किल्ली उलटी करून पाहिली. "कपाटाची व्हय गं ही?"

एस्तूने होकारार्थी मान हलवली.

"कसल्या कपाटाची?"

"चादरींच्या असेल. नाहीतर बेडपॅनच्या."

डॉक्टरांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं, पण हमीदला दिसलं आणि तोही हसला, आणि मग गयाबाई हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. मग तिने किल्ली कोठीत भिरकावली. ती ज्वारीच्या कणगीमागे कुठंतरी वाजली.

"फसवलं मावशीनं," ती म्हणाली. "समद्यांना फसवलं."

एस्तू इतका वेळ कोठीच्या चौकटीला टेकून उभी होती.

"तुम्हाला फसवलं," ती म्हणाली. "तुम्हाला निदान फसवायच्या लायकीचं तरी समजली."

आम्ही तिच्याकडे पाहिलं.

"माझाही नंबर लागला होता. नर्सिंगला, लांब दक्षिणेत. बॅग भरली. मी मुद्दाम ती दारातच ठेवली, आईला दिसेल अशी. आई पीठ मळत होती. मला तर तसबिरीमागचा जुडगाही ठाऊक होता, किल्ल्या खोट्या आहेत तेही ठाऊक होतं. तरी मी थांबले. म्हटलं, आता हात धुवेल. आता म्हणेल, एस्तू, तुला म्हणून सांगते." तिने जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आई म्हणाली, 'जा. तुझ्यावाचून इथं काही अडत नाही.'"

"मग गेली का नाहीस?" मी विचारलं.

"हट्टाने. म्हटलं, माझ्यावाचून अडतं की नाही, दाखवते. पहाटे उठून पाणी भरलं, भांडी घासली, म्हातारपणी तिचं सगळं अंथरुणात केलं. एकदा तरी म्हणेल, म्हटलं. शेवटच्या दिवशीसुद्धा कानाशी वाकले होते. प्रभूला सांगत होती, हमीदच्या भट्टीचं बघ, डॉक्टरांच्या गुडघ्याचं बघ, सुमंताच्या लिखाणाचं बघ. माझं नाव आलं नाही."

डॉक्टरांचा हात गुडघ्याकडे गेला. हमीद जमिनीकडे बघत होता. मला आठवत होतं, आम्ही जेवायचो तेव्हा एस्तू वाढत असायची. नेहमीच वाढत असायची. ती कधी जेवायची हे मला आजही सांगता येणार नाही.

"मी उद्या सकाळच्या गाडीने जाते," एस्तू म्हणाली. "नाशिकला वृद्धाश्रमात मेट्रन पाहिजे आहे. राहायची सोय आहे, पगार आहे. त्यांना कळवलंय. आता शिदोरीचं तुम्ही बघा, नाहीतर बंद करा. दोन्हींत मला काही नाही."

तिने जुडगा माझ्या हातात दिला, चहाचा ट्रे उचलला आणि आत गेली. चहा खरंच गार झाला होता.

"थांबवा तिला," डॉक्टर मला म्हणाले. "तुम्हाला शब्द सुचतात."

"काय म्हणून थांबवू?"

"तेच. मावशींचं."

"डॉक्टर," हमीद म्हणाला, "शरम करा."

सकाळी मी स्टँडवर गेलो. एस्तू बाकावर बसली होती, पायाशी बॅग. तीच बॅग असावी. कोपऱ्यांना चामडं सोलवटलेलं. तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि ती चुकीच्या माणसाच्या घरी आल्यासारखी अवघडून बसली होती.

"परत न्यायला आलास का, सुमंतदादा?"

"नाही. बॅग वर चढवायला आलो."

"मग बस."

मी बसलो. गाडी लागायची होती. समोर एक माणूस पेरू कापून मीठ लावत होता. एस्तू कुठंतरी बघत होती आणि तिचा चेहरा असा होता की गाडी आली तरी ती चढेल की नाही याची मला खात्री वाटेना. मला भीती वाटली ती थांबेल याची. नाशिकलाही ती पहाटे उठून पाणी भरेल आणि वाट बघेल. इथं राहिली तरी तेच करेल. इथून निघताना तिच्याजवळ काहीतरी पाहिजे होतं. आम्हा चौघांकडे किमान मोडीतलं पितळ होतं.

मी आयुष्यभर खोटं लिहिलं, पण ते विनोदी असायचं आणि लोकांना ते खोटं आहे हे माहीत असायचं.

"एस्तू," मी म्हणालो, "तुला म्हणून सांगतो."

तिने मान वळवली नाही.

"मावशी आजारी पडायच्या आधी, एका शनिवारी मी दळण घेऊन आलो होतो. तू विहिरीवर होतीस. मावशी म्हणाली, 'सुमंता, ही पोरगी त्या वेळी गेली असती तर मी दुसऱ्या दिवशी चूल विझवली असती. मी तिला जा म्हणाले, कारण थांब म्हणायची मला लाज वाटली. बाकी सगळ्यांना थांब म्हणाले. पोटच्या पोरीला कुठल्या तोंडाने म्हणू?'"

यातलं एकही अक्षर मावशी कधी बोलली नव्हती. त्या शनिवारी ती मला म्हणाली होती की दळण जाड आलंय.

गाडी आली, फलाटाला लागली, कंडक्टर दारात उभा राहून नाशिक नाशिक ओरडू लागला. मी बॅग उचलली आणि तिच्यामागून चढलो. बॅग वरच्या फळीवर ठेवली. ती खिडकीशी बसली. मी खाली उतरून खिडकीखाली उभा राहिलो.

तिने मग माझ्याकडे पाहिलं. मावशी थर्मामीटर उजेडात धरून पाहायची, तसं. पारा खरा किती चढलाय आणि पेशंटने काखेत चोळून किती चढवलाय, हे मावशीला तेवढ्यावरून कळायचं.

"सुमंतदादा," ती म्हणाली, "हे तू आणखी कोणाकोणाला सांगितलंस?"

गाडीने हॉर्न दिला. तिचं बोट खिडकीच्या गजाभोवती होतं, मी त्याला हात लावला.

"फक्त तुला," मी म्हणालो.